भित्र्या दबोराची काहील

प्रवरेवर धरण झालं नव्हतं, पूल झाला नव्हता, आणि नदी मनाला येईल तशी वागायची, तेव्हाची ही गोष्ट. त्या वेळी हिंगणडोह गावात दबोरा नावाची एक बाई राहत होती, आणि ती इतकी भित्री होती, इतकी भित्री होती, की पाल चुकचुकली तरी पदर तोंडाशी धरायची. असं म्हणतात, की तिच्या लग्नात मांडवात ताशा कडाडला तेव्हा नवरी उठून सरळ आईच्या पाठीमागं जाऊन बसली. पाद्रीसाहेब बिचारे तिथपर्यंत चालत गेले, आणि आईच्या खांद्यावरून वाकून त्यांनी विचारलं, "बाई, हा नवरा पसंत आहे ना?"

आईबापांनी नाव ठेवलं होतं ते मात्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, एका शूर बाईचं. म्हणून वस्तीवरच्या बायांना आयतं फावायचं. दबोरा पाण्याला निघाली की त्या म्हणायच्या, "नाव दबोराबाई, अन् सावलीला भिई!" दबोरा हसायची. पण हसतानाही तिची नजर विहिरीच्या काठाकडं असायची, कारण तिला विहिरीचीही भीती वाटायची.

गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. थोडीशी घरं, मातीचं एक मंदिर, आणि मंदिराबाहेर टांगलेला लोखंडाचा तुकडा. तो वाजला की लोक उपासनेला जमायचे. तिथले उपदेशक होते लाजरस मास्तर. आठवडाभर पोरांना बाराखडी शिकवायची आणि रविवारी थोरांना उपदेश करायचा, हे त्यांचं काम. मास्तरांचं एक आवडतं वचन होतं. ते म्हणायचे, "दिवा लावला की अंधार जातो. विश्वास आला की भीती जाते. ज्याच्या घरात भीती आहे, त्याचा दिवा लागलेलाच नाही." वस्तीतले लोक माना डोलवायचे. दबोरा मान खाली घालायची.

एकदा उपासना झाल्यावर तिनं धीर करून त्यांना गाठलं. म्हणाली, "मास्तर, माझा दिवा लागतच नाय."

मास्तर म्हणाले, "वात वर कर, बाई."

वात वर करायची म्हणजे काय करायचं, ते तिला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची भीती वाटली. ती घरी जाऊन रोज एवढंच मागायची, "देवबापा, माझी भीती काढून घे." आणि रोज सकाळी उठून बघायची, गेली का. गेलेली नसायची.

तिचा नवरा योना. तो तिच्या अगदी उलट. पावसाळ्यात नदी भरली की लोकांना या काठावरून त्या काठावर न्यायचं काम योनाचं होतं. आणि तो होडीतून नव्हे, काहिलीतून न्यायचा. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस कढवायची लोखंडी कढई. चार-पाच माणसं मांडी घालून बसतील एवढी मोठी. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, काहील रिकामी, मग ती नदीत उतरवायची. पण काहिलीला पुढची बाजू नसते की मागची नसते. पाण्यात सोडली की ती आपली गरगर फिरते. योना एका हातानं तिचा काठ धरायचा, दुसऱ्या हातानं पोहायचा, आणि फिरती काहील ढकलत ढकलत पलीकडं न्यायचा. आत बसलेल्यांना कुठला काठ आपला आणि कुठला परका हेच समजेनासं व्हायचं. दबोरा एकदाच बसली होती, आणि पूर्ण वेळ तिनं डोळे मिटून घेतले होते.

मग ते वर्ष आलं.

आधी उंदीर पडायला लागले. भर दिवसा घरातून बाहेर यायचे, झिंगल्यासारखे चालायचे आणि उंबऱ्यात मरायचे. मग माणसं. काखेत गाठ यायची, जांघेत गाठ यायची, ताप चढायचा आणि माणूस जायचा. लोक त्याला गाठीचा ताप म्हणायचे आणि तेवढं नावसुद्धा हळू आवाजात घ्यायचे. गाव ओस पडलं. जो तो वाट दिसेल तिकडं रानात पळाला. वस्तीतल्या लोकांनी ठरवलं की नदीपलीकडच्या माळावर खोपी घालून राहायचं. योनानं एकेकाला काहिलीत बसवून पलीकडं नेलं. म्हातारे नेले, शेळ्या नेल्या, मंदिरातला लोखंडाचा तुकडासुद्धा नेला. सगळ्यात शेवटी दबोरा, तिच्या मांडीवर तान्ही रिबका, लाडानं रिबू, आणि शेजारी सासू मार्थाबाई. सगळे पार झाले. काहील माळाच्या काठाला बांधली. आणि त्याच आठवड्यात योनाला गाठ आली.

असं म्हणतात, की योनाला पुरायला चारच माणसं गेली, आणि त्यातल्या दोघांनी नाकाला फडकी बांधली होती.

त्यानंतर दबोराचं जे झालं ते लेकुरवाळ्या बाईलाच कळेल. ती रिबूच्या काखा चाचपायची, जांघा चाचपायची. चाचपून झालं की पुन्हा चाचपायची. रिबू झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघायची, आणि श्वास लागला की तिला शंका यायची, हा वारा तर नसेल? मग दुसरं बोट धरायची. रिबूला तेव्हा दात यायचे होते. ती सारखी अंगाला चिकटलेली असायची, आणि दबोराला दूध उदंड होतं. मार्थाबाई म्हणायच्या, "सुनेला जीव उंदराचा अन् दूध म्हशीचं."

माळावर वडीलधाऱ्यांनी एक नेम केला होता. जो कुणी नदी ओलांडून आजाराच्या काठावर जाईल, त्यानं परत यायचं नाही. ताप सरेपर्यंत तिकडंच राहायचं, जगलं तर जगलं. त्यासाठी माणसं काठ्या घेऊन काठावर बसायची. नेम वाईट नव्हता. त्या नेमानं पुष्कळजण वाचले, असंही म्हणतात.

पाऊस वाढला, नदी आणखी फुगली. आणि एके सकाळी पलीकडून रडणं ऐकू आलं.

पलीकडच्या काठावर गुऱ्हाळ होतं. मालकीण येसाआजी गावात ताप आल्यावर मुलगा, सून आणि तान्ह्या नातवाला घेऊन गुऱ्हाळाच्या झापात, म्हणजे गवताच्या खोपटात, येऊन राहिली होती. तिथंही तापानं गाठलंच. मुलगा गेला, सून गेली, गडी पळून गेले. राहिली म्हातारी आणि तिच्या हातात ते पोर, म्हसू. म्हातारी नदीच्या काठाला येऊन ओरडत होती, "आरं कुणी हाये का? दूध नाय रं! लेकरू चाललं माझं!"

पुराचा आवाज एवढा मोठा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पण ते रडणं मात्र ऐकू येत होतं, असं म्हणतात. खोपीखोपीतून ऐकू येत होतं. बाया जातं ओढायला लागल्या, दळण नसताना. गड्यांनी विषय काढला पावसाचा. रडणं थांबलं की लोक जास्त घाबरायचे, आणि पुन्हा सुरू झालं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून लाज वाटायची.

दबोरा रिबूला पाजून बसली होती. पोर पोटभर पिऊन मांडीवर झोपलं होतं. तेवढ्यात नदीपलीकडं म्हसू रडला, आणि दबोराला पान्हा फुटला. चोळी भिजली. तिनं पदर घट्ट आवळला, तरी दूध थांबेना. तो रडला की दूध वाहायचं, तो थांबला की थांबायचं. ती घाबरून गेली. तिला वाटलं, आपल्याला काहीतरी झालंय.

ती उठली. सासूनं विचारलं, "कुठं गं?"

"कळंना, आत्याबाई."

"मग बस खाली."

ती बसली. पुन्हा उठली. मार्थाबाईंनी तिच्या चोळीकडं पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. त्यांचा आवाज चढला. "खबरदार! लेक गेला माझा. ह्या पोरीला बाप नाय, आता आई बी घालवतीस? अन् ते कोण आपलं? हंगामात त्या काहिलीला आपला पदर लागला तर राखेनं घासून घेते ती म्हातारी!"

"व्हय," दबोरा म्हणाली. सासूचं खरंच होतं.

"मग?"

"मग काय ते कळंना म्हनूनच उठले."

ती लाजरस मास्तरांच्या खोपीपाशी गेली. मास्तर दारातच बसले होते, दोन्ही कानांवर हात ठेवून. तिला पाहून त्यांनी हात खाली घेतले. ती म्हणाली, "मास्तर, मला पान्हा येतोय. ही देवाची हाक का नुसतंच दूध?"

मास्तरांकडं प्रत्येक गोष्टीला वचन असायचं. त्या दिवशी एकही नव्हतं. ते म्हणाले, "बाई, आपण प्रार्थना करू."

"प्रार्थना करून उठूस्तवर त्यो रडायचा थांबला असंल, मास्तर."

मास्तर म्हणाले, "तुला भीती नाही वाटत?"

"लई वाटती. म्हंजे जाऊ नको ना? दिवाच लागला नाय माझा."

यावर मास्तर काय बोलले, ते सांगणारे निरनिराळं सांगतात. कोण म्हणतं, ते म्हणाले जा. कोण म्हणतं, ते म्हणाले जाऊ नको. जुनी माणसं सांगायची, की मास्तर रडले आणि म्हणाले, "मला माहीत नाही."

दबोरा काठाकडं चालायला लागली. चालता चालता तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. येशू आणि त्याचे सोबती तारवातून चालले होते, वादळ सुटलं, सोबती भ्याले, ओरडले, आणि येशूनं वादळ थांबवून वर त्यांनाच रागे भरलं, की एवढे का भ्यालात. ही गोष्ट मास्तर सांगायचे तेव्हा दर वेळी दबोराला वाटायचं, आपण त्या तारवात असतो तर सगळ्यांत जास्त बोलणी आपल्यालाच बसली असती. त्या दिवशी तिला पहिल्यांदाच दुसरं काही सुचलं. तो रागावला खरा. पण म्हणून तारवातून त्यानं खाली कुणालाच उतरवलं नाही.

असं म्हणतात, की ती वाटेत थांबली आणि हे मोठ्यानं बोलली. "उतरवलं तर नाय ना कुनाला!" जवळून एक शेळी जात होती, तिला उद्देशून.

मग ती मागं फिरली. लोकांना वाटलं, भ्याली. ती खोपीत गेली, रिबूला उठवून छातीशी घेतलं. पोर झोपेतच चोखायला लागलं. तिनं काखा चाचपल्या, जांघा चाचपल्या, नाकाशी बोट धरलं. मग दुसरं बोट धरलं. मग पोरीला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आत्याबाई, काळ्या शेळीचं दूध पचंल तिला. तांबडीचं नका देऊ, जड असतंय."

मार्थाबाईंनी तोंड फिरवलं. पण पोरीला घट्ट धरलं.

काठावर काठीवाले आडवे आले. "दबोरावहिनी, गेलीस तर परत यायचं नाय, ठावं हाये ना?" तिनं मान हलवली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. काहिलीत पाय टाकताना ती दोनदा खाली पडली. दोर सोडायला कुणी पुढं येईना. शेवटी लाजरस मास्तर धोतर खोचून पाण्यात उतरले, छातीइतक्या पाण्यात गेले, आणि त्यांनी दोर सोडला. त्यांना पोहता येत नव्हतं.

दबोराच्या हातात एक बांबू होता. पहिल्याच हिसक्याला तो गेला. काहील गरगर फिरायला लागली. एकदा माळ दिसायचा, तिथं मार्थाबाईंच्या कडेवर रिबू. एकदा गुऱ्हाळ दिसायचं, तिथं म्हातारीच्या हातात म्हसू. रिबू, म्हसू, रिबू, म्हसू. मग फेरे एवढे वाढले, की दोन्ही पोरं एकमेकांत मिसळली आणि कुठलं पोर आपलं हे तिला समजेना. तिनं डोळे मिटले आणि काहिलीच्या तळाला तोंड टेकलं. नेहमीप्रमाणं म्हणाली, "देवबापा, भीती काढून घे."

भीती गेली नाही. उलट वाढली.

तेव्हा ती म्हणाली, "बरं, ऱ्हाऊ दे. तिला बी बसू दे हितं माझ्यासंगं. पर आमा दोघींना पलीकडं ने."

आता पुढचं जे झालं ते माळावरच्या सगळ्यांनी पाहिलं, आणि प्रत्येकानं वेगळं पाहिलं. नदी खाली ओढत होती आणि काहील आडवी चालली होती. काठीवाले म्हणाले, काहिलीच्या काठावर एक हात होता आणि कुणीतरी पोहत होतं. मार्थाबाई म्हणाल्या, तो हात योनाचा होता, त्यांनी मनगट ओळखलं. एक म्हातारा शपथेवर सांगायचा, की त्या हाताच्या मधोमध खिळ्याचा वण होता. दुसरा म्हणायचा, काहीही नव्हतं, एक वाहून चाललेली म्हैस काहिलीला टेकली होती आणि म्हैस आपला काठ धरून निघाली. असंही म्हणतात, की काहिलीभोवतीचं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं आणि भोवरे तिला वाट देत होते. पुढं कितीतरी वर्षं लोक दबोराला विचारायचे, "खरं सांग, काठाला कोण होतं?" ती म्हणायची, "मला काय म्हाईत? मी तर खाली तोंड घालून बसले व्हते."

काहील गुऱ्हाळाच्या घाटाला लागली. आणि तिथं निराळीच पंचाईत झाली. दबोरा उठून उभी राहिली, तर नखशिखांत थरथरत होती. येसाआजीनं ते पाहिलं आणि उसाचं एक लांब कांडं उचलून काहील मागं लोटायला सुरुवात केली. "परत जा! हुडहुडी भरलीय तुला! ताप घेऊन आलीस का?"

"ताप नाय, मालकीणबाई! भीती हाये!"

"भीती असती तर आली असतीस कशाला?"

"तेच मला कळंना!" दबोरा ओरडली आणि रडायला लागली.

म्हातारीचं कांडं हवेतच थांबलं. "कुणाची गं तू?"

"वस्तीवरच्या योनाची बायको. दबोरा."

"ती भित्री?"

"व्हय, तीच. दूध पाजाया आले."

म्हातारीनं नातवाकडं पाहिलं. पोराचं रडणं आता बारीक झालं होतं, मांजराच्या पिलासारखं. तरी जन्मभराची सवय तोंडातून निघालीच. "शिवशील ना गं त्याला."

"मालकीणबाई, शिवल्याबिगर पाजू कशी?"

असं म्हणतात, की त्यावर येसाआजी मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडली, आणि रडता रडताच तिनं पोर पुढं केलं. दबोरा तिथंच चिखलात बसली आणि तिनं म्हसूला पदराखाली घेतलं. पोराला ओढायची ताकद नव्हती. तिनं दोन थेंब ओठांवर पिळले. मग चार. मग पोरानं धरलं. नदीपलीकडं मंदिरातला लोखंडाचा तुकडा वाजायला लागला. कोण वाजवतंय, कशासाठी वाजवतंय, कुणाला कळलं नाही, पण तो बराच वेळ वाजत राहिला.

मग दबोरा तिकडंच राहिली. गुऱ्हाळाच्या झापात बाई आलीय हे कळल्यावर रानोमाळ पांगलेले आजारी लोक सरपटत तिथं यायला लागले. तिला त्यांची भीती वाटायची. डोळे मिटून ती त्यांच्या तोंडाला तांब्या लावायची, आणि हात असे थरथरायचे, की अर्धं पाणी त्यांच्या गळ्यावर सांडायचं. येसाआजी ओरडायची, "अगं, पाजतीस का न्हाऊ घालतीस?" पण असं म्हणतात, की तिची घागर कितीही सांडली तरी रिकामी झाली नाही, आणि ज्यांच्या अंगावर ते पाणी सांडलं त्यांच्या गाठी वितळल्या. सगळ्यांच्या नाही. काहीजण गेलेच. त्यांना मूठमाती द्यायलाही तीच, थरथरत.

रोज दिवस कलताना ती काठावर यायची. पलीकडून मार्थाबाई रिबूला उचलून धरायच्या. एवढ्या लांबून पोरीचं तोंड दिसायचं नाही, नुसता एक ठिपका. दबोरा त्या ठिपक्याला हात करायची. कधी ठिपका हलायचा, कधी नाही. न हललेल्या दिवशी ती जेवायची नाही. म्हसू मात्र मांडीवर बाळसं धरत होता, आणि त्याचं बाळसं बघून तिला आनंद व्हायचा आणि त्याच घटकेला रिबू आठवून रडू यायचं, आणि या दोन्हींतलं खरं कुठलं हे तिला ठरवता यायचं नाही. "देवबापा," ती म्हणायची, "हे तूच केलंस का मी येडेपणा केला, येवढं तरी सांग." देवानं सांगितलं नाही. म्हसू मात्र दर खेपेला पोटभर प्यायला.

पूर ओसरला, थंडी पडली, ताप सरला. काठीवाल्यांनी काठ्या टाकल्या. दबोरा गुडघाभर पाण्यातून धावत माळावर आली आणि तिनं रिबूसाठी हात पसरले.

रिबूनं तिच्याकडं पाहिलं. मग मार्थाबाईंच्या मानेत तोंड खुपसलं आणि किंचाळून रडायला लागली.

पोरीला आई ओळखू आली नाही. दबोरानं पदराखाली घ्यायचा प्रयत्न केला, तर रिबूनं पाठ वाकवली, बोचकारलं. पहिल्या दिवशी तसंच, दुसऱ्या दिवशी तसंच. मार्थाबाईंच्या ओठांवर आलं होतं की मी सांगितलं नव्हतं का, पण सुनेचं तोंड बघून त्यांनी ते गिळलं. म्हणाल्या, "येईल गं. पोरगी हाये, रुसली." दबोरा खोपीच्या कुडाला टेकून बसायची. सगळ्या पुरात, सगळ्या मरणांत ती अशी बसली नव्हती. लाजरस मास्तर येऊन शेजारी नुसते बसायचे. वचन सांगायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी एक नवल झालं. येसाआजी म्हसूला कडेवर घेऊन नदी उतरून आली. जन्मात कधी ती वस्तीच्या माणसांत पाय ठेवायला आली नव्हती. खोपीपाशी येऊन म्हणाली, "हा शेळीचं दूध थुंकून देतोय. वरचं काही घेईना. घे बाई, तुझा तू सांभाळ ह्याला." आणि कुणी बस म्हणायच्या आत मार्थाबाईंच्या शेजारी घोंगडीवर बसली.

म्हसूनं दबोराला पाहून दोन्ही हात टाकले. ती त्याला पाजायला बसली. रिबू घोंगडीवरून बघत होती. बघता बघता तिनं रडवेले ओठ काढले. मग ती रांगत आली. दबोराच्या मांडीपाशी आली, म्हसूकडं नीट पाहिलं, आणि त्याचं जावळ मुठीत धरून असं ओढलं, की पोरानं तोंड सोडून टाहो फोडला. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागी रिबूनं आपलं तोंड लावलं.

येसाआजी म्हणाली, "मुलखाची भांडखोर हाये गं तुझी लेक," आणि मार्थाबाई म्हणाल्या, "आजीवर गेलीय," आणि दोन्ही म्हाताऱ्या हसायला लागल्या, आणि मधे बसलेली दबोरा एकीकडं रिबूला आणि दुसरीकडं म्हसूला घेऊन हसतही होती, रडतही होती आणि थरथरतही होती.

त्या हंगामात येसाआजीनं काहील राखेनं घासली नाही. नदीच्या पाण्यानं विसळली आणि तशीच चुलवणावर चढवली. असं म्हणतात, की त्या वर्षीचा गूळ कुणाला गोड लागला आणि कुणी हात लावला नाही, पण ज्यांनी खाल्ला ते सांगायचे, की तसा गूळ पुन्हा झाला नाही.

लाजरस मास्तरांनी पुढं म्हातारपणी दबोराला विचारलं, "त्या दिवशी तुला विश्वास आला होता का, बाई?" ती म्हणाली, "काय की, मास्तर. मला अजून उमजलं नाय. भीती तर अजून हाये. कालच्याला पाल पडली अंगावर, तर वराडले." मास्तरांनी दिव्याचं ते वचन पुन्हा कधी सांगितलं नाही. दबोरा पुष्कळ जगली, आणि झोपेतच गेली. तिच्या पेटीला खांदा द्यायला म्हसू पहिला होता, आणि रिबूशी तेव्हाही त्याचं भांडण झालं, की उजव्या अंगाला कोण.

आजही हिंगणडोहात पूर ओसरल्यावरच्या पहिल्या रविवारी एक चाल आहे. गुऱ्हाळ पेटायच्या आधी काहील नदीच्या वाळूत आणून ठेवतात आणि तिच्यात मऊ गोधडी अंथरतात. मग गावातल्या, वस्तीतल्या, वरच्या खालच्या सगळ्या आळ्यांतल्या बाया त्या वर्षीची आपली तान्ही पोरं आणून तिच्यात ठेवतात. पाळक प्रार्थना करतात, तीही छोटी, कारण पोरं थांबत नाहीत. मग चार बाया काठ धरून काहील हळूहळू फिरवतात. काहील थांबली की ज्या आईसमोर जे पोर येईल, ते तिनं उचलायचं आणि पदराखाली घ्यायचं. कुणाचं, असं विचारायचं नाही. पहिलटकरणी भितात, आपलं पोर कुणाच्या हातात गेलं म्हणून माना लांब करून बघतात, काही तर रडतात. त्यांना 'भिऊ नको' असं त्या गावात कुणी म्हणत नाही. शेजारची बाई फक्त जवळ सरकते. आणि थोडा वेळ नदीकाठावर नुसता गोंधळ असतो, कुणाचं पोर कुणाच्या अंगावर, कुणाचं रडणं कुणाच्या कानात, आणि ज्या बाईचं स्वतःचं पोर तिकडं लांब रडत असतं, तिच्या मांडीवर दुसरीचं पोर डोळे मिटून दूध पीत असतं.